विश्लेषण : घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न एकानेच का सोडवायचा?

भावाचा थकलेला हप्ता, आई आणि वहिनीतला अबोला, वडिलांचे अडलेले केवायसी... सगळ्यांसाठी धावणारी एक व्यक्ती बहुतेक घरांत असते. तिने थांबायचे ठरवले तर नेमके काय करावे? कायदा काय सांगतो? आणि कुठे अजिबात थांबू नये?

दुपारी कार्यालयात बैठक सुरू असताना गावाकडून फोन येतो, वडिलांच्या बँक खात्याचे केवायसी अडले आहे. तो ठेवला की धाकट्या भावाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, ‘ताई, या महिन्याचा हप्ता तेवढा भर, पुढच्या महिन्यात देतो.’ रात्री आईचे म्हणणे, वहिनी दोन दिवस धड बोलत नाही, तू जरा तिच्याशी बोलून बघ. घरात ‘समजूतदार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेकांचे दिवस असेच जातात.

या व्यक्तीला उत्तर सापडते, म्हणून प्रत्येक प्रश्न तिच्याकडे येतो. आणि प्रत्येक प्रश्न तिच्याकडे जातो, म्हणून बाकीच्यांवर उत्तर शोधण्याची वेळच येत नाही. हे चक्र दोन्ही बाजूंना महाग पडते. सोडवणारा थकतो आणि ज्यांच्यासाठी तो धावतो त्यांची स्वतःची ताकद कमी होत जाते.

‘कर्ता’ आणि ‘सोडवणारा’ यांत फरक काय?

‘कर्ता’ हा शब्द मराठी घरांना नवा नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या कायद्यात त्याला ठरावीक अर्थ आहे. कर्ता कुटुंबाच्या मालमत्तेचा कारभार पाहतो, व्यवहारात कुटुंबाच्या वतीने उभा राहतो आणि गरज पडल्यास कुटुंबासाठी कर्जही काढू शकतो. म्हणजे जबाबदारीबरोबर त्याला अधिकारही असतात.

आजच्या घरातल्या सोडवणाऱ्याकडे यातले फक्त धावणे येते. भावाने गाडी कर्जावर घ्यावी की नाही, हे त्याला कुणी विचारलेले नसते. हप्ता थकल्यावर मात्र फोन त्यालाच येतो. निर्णय दुसऱ्याचा आणि निस्तरायचे याने, अशी ही वाटणी असते.

ही भूमिका स्त्रीकडे आली तर घरकामात तिची भर पडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. कुणाचे औषध संपत आले, कुणाची विमा पॉलिसी कधी भरायची, कोण कुणावर रुसले आहे, हे सतत डोक्यात ठेवण्याचे काम तर अशा मोजणीत धड पकडताही येत नाही.

ही सवय लागते कशी?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एक वेगळा प्रयोग केला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयात राहायला बोलावून त्यांनी सगळ्या कुटुंबाचे निरीक्षण केले. त्यातून पुढे त्यांची ‘कुटुंब ही एक व्यवस्था आहे’ ही मांडणी उभी राहिली. एकाच्या वागण्याचा दुसऱ्याच्या वागण्याशी सांधा असतो, हा तिचा गाभा.

या मांडणीतली एक जोडी इथे फार उपयोगी आहे. घरात एक जण गरजेपेक्षा जास्त करू लागला, की दुसरा गरजेपेक्षा कमी करू लागतो. दुसऱ्याने कमी केले, की पहिल्याला आणखी करावे लागते. यात आळशी कोण आणि कर्तबगार कोण हा प्रश्न फसवा ठरतो, कारण दोघे मिळूनच ही घडी बसवतात. सी-सॉवर एक टोक वर गेले की दुसरे खाली जाणारच.

बहुतेकदा सुरुवात लहानपणी होते. वडिलांचे आजारपण, घरातली भांडणे, पैशांची ओढाताण अशा काळात एखादे मूल लवकर मोठे होते. ते शहाण्यासारखे वागले की घर शांत होते आणि त्याचे कौतुक होते. ‘मी सांभाळले तर सगळे ठीक राहते’ हा धडा तेव्हा खराही असतो. तिशी-चाळिशीत परिस्थिती बदललेली असते, धडा मात्र तोच राहतो. कुणी अडचण सांगायला सुरुवात केली, की वाक्य पूर्ण होण्याआधी उपाय तोंडावर येतो.

भांडण मिटवायला गेलेलाच का अडकतो?

बोवेन यांचा दुसरा मुद्दा ‘त्रिकोणा’चा. दोघांमधला ताण वाढला की तो हलका करण्यासाठी तिसऱ्याला ओढले जाते. आई सुनेशी बोलत नाही, ती मुलीला फोन करते. सून सासूशी बोलत नाही, तीही त्याच मुलीला फोन करते. दोघींचे मन थोडे मोकळे होते, पण दोघींमधला मूळ प्रश्न जागचा हलत नाही. उलट, एकमेकींशी बोलण्याची निकड कमी होते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये अशाच एका त्रिकोणाची मांडणी केली. त्यात तीन भूमिका असतात : पीडित, छळणारा आणि तारणहार. या भूमिका फिरत राहतात, हे त्यातले महत्त्वाचे निरीक्षण. मुलगी वहिनीला समजावायला जाते ती तारणहार म्हणून. वहिनीला ती सासूची वकील वाटते, म्हणजे छळणारी. वहिनी चिडली की आई म्हणते, ‘तुला कुणी सांगितले होते एवढे बोलायला?’ आणि आठवड्याच्या शेवटी दुखावलेली, म्हणजे पीडित, असते ती मुलगीच.

मदत कुठे संपते आणि ‘सोडवणे’ कुठे सुरू होते?

मदत करू नये, असे यापैकी कुणीच म्हटलेले नाही. फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. हे काम समोरची व्यक्ती शिकली तर स्वतः करू शकेल का? तिने मदत मागितली आहे, की आपणच पुढे झालो? आणि निर्णय चुकला तर त्याची झळ कुणाला बसणार आहे, तिला की आपल्याला?

वीजबिलाचे साधे उदाहरण घ्या. दर महिन्याला पुण्यात बसून गावच्या घराचे बिल भरले, तर काम दोन मिनिटांत होते. एका सुट्टीत वडिलांच्या मोबाइलवर अ‍ॅप उतरवून, त्यांच्याच हाताने तीन वेळा बिल भरून घेतले, तर तासभर जातो. पहिल्यात काम होते आणि दुसऱ्यात माणूस तयार होतो. शिवाय ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही त्या तासात शिकवून होते. पुढे सायबर चोराचा फोन आला, तर शेजारी मुलगा नसेल, हे शिकलेलेच उपयोगी पडेल.

व्यसनाच्या घरात हा प्रश्न गंभीर का होतो?

नवऱ्याला दारूमुळे कामावर जाता आले नाही, की पत्नी ‘ताप आहे’ म्हणून साहेबांना फोन करते. मुलाची उधारी वडील गुपचूप फेडतात. घरची अब्रू वाचावी, हा यामागचा स्वच्छ हेतू असतो. परिणाम मात्र उलटा होतो. व्यसनाची झळ व्यसनी माणसापर्यंत पोहोचतच नाही, घरचे ती मध्येच झेलतात. मग त्याने उपचाराला तयार व्हावे तरी का?

व्यसनमुक्तीच्या क्षेत्राने हे फार आधी ओळखले. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही स्वमदत चळवळ अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झाली. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हा वेगळा गट १९५१ मध्ये उभा राहिला. व्यसन घरच्यांमुळे लागलेले नसते, ते घरच्यांच्या ताब्यात नसते आणि ते बरे करणेही घरच्यांच्या हाती नसते, हे स्वीकारण्यावर तिथे भर असतो. घरच्यांच्या हाती असते ते स्वतःचे वागणे.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचार रुग्णापुरते ठेवलेले नाहीत. कुटुंबाचे समुपदेशन हा त्यांचा भाग आहे आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवायलाच हवा. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद केली, तर झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. झाकपाक थांबवायची, पण दारू सोडवण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

‘फक्त सही कर’ म्हटले तर?

घरातले प्रश्न सोडवण्याची सर्वात महाग पडणारी जागा म्हणजे जामीनकी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या, असे जामीनदाराला सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. सहकारी पतसंस्थेचे कर्ज थकले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची कारवाई होते, ती जामीनदारापर्यंतही पोहोचते. जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्या पत अहवालातही दिसते. म्हणजे भावाचे हप्ते थकले, की बहिणीचे स्वतःचे गृहकर्ज अडू शकते.

त्याच वेळी, ज्याने कुठेही सही केलेली नाही, तो केवळ भाऊ, बहीण किंवा काका आहे म्हणून कर्जाला बांधील ठरत नाही. कर्जदाराचा मृत्यू झाला तर वारसांची जबाबदारीही त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वसुलीवाल्यांनी नातेवाइकांना फोन करून धमकावले, की घाबरून पैसे भरले जातात. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांविषयीच्या नियमांनुसार, अशा अ‍ॅपनी ग्राहकाच्या मोबाइलमधील संपर्क यादी वापरणेच अपेक्षित नाही. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

भावाला पैसे द्यायचेच असतील, तर ते किती, एकदाच की दरमहा, परत हवेत की नाही, हे आधी स्वतःशी ठरवावे. परत आले नाहीत तरी नाते बिघडणार नाही, एवढीच रक्कम द्यावी. त्यापलीकडे, कर्जदाराने स्वतः बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना मागणे हा मार्ग खुला असतो. तिथे सोबत जाणे ही मदत झाली. त्याच्या जागी जाऊन बोलणे ही पुन्हा जुनीच सवय.

‘नाही’ म्हणायचे कसे?

मराठी घरात थोरल्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणणे अवघड असते आणि प्रत्येक वेळी ते लागतेही असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि ब्रिटनचे स्टीफन रोलनिक यांनी व्यसनी व्यक्तींच्या समुपदेशनासाठी एक पद्धत विकसित केली. समोरच्याची चूक दिसली की ती ताबडतोब दुरुस्त करण्याची आपली ओढ आधी आवरावी, असे ती सांगते. उपाय लादला की माणूस तो का जमणार नाही, याची कारणे देऊ लागतो. प्रश्न विचारला की तो स्वतः विचार करू लागतो.

घरच्या बोलीत ते असे होऊ शकते :

• ‘आई, तू हे वहिनीलाच सांगितलंस का? आधी तिच्याशी बोल, मग मला सांग काय झालं ते.’

• ‘तुला नुसतं बोलून मोकळं व्हायचंय, की काही सुचवू?’

• ‘हप्ता मी भरणार नाही. पण शनिवारी बसून तुझा महिन्याचा खर्च लिहून काढू.’

• ‘मला आत्ता सांगता येणार नाही, उद्या रात्री फोन करते.’

शेवटचे वाक्य सर्वात सोपे आणि सर्वात उपयोगी आहे. तातडी वाटणारे बरेचसे प्रश्न एका दिवसात आपोआप मार्गी लागतात, कारण विचारणाऱ्याने तोवर दुसरी वाट शोधलेली असते.

थांबल्यावर घर काय म्हणेल?

‘बदललीस तू.’ ‘शहरात गेल्यापासून माणसं नकोशी झाली.’ ‘बायको आल्यापासून असं वागतोय.’ हे ऐकावे लागेल, याची तयारी असावी. वर्तन मानसशास्त्र सांगते की, नेहमी मिळणारी गोष्ट अचानक मिळेनाशी झाली, की मागणी लगेच कमी होत नाही, ती आधी वाढते. लिफ्टचे बटण चालले नाही तर माणूस ते चार वेळा दाबतो, तसेच.

बहुतेक जण इथेच हरतात. चार वेळा नकार देऊन पाचव्यांदा रडारड झाली म्हणून पैसे दिले, तर समोरच्याने शिकलेला धडा ‘ताई देत नाही’ असा नसतो. ‘पाच वेळा मागावे लागते’ असा असतो. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते, हे बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले होते. म्हणून पाळता येणार नाही असा मोठा निश्चय करण्यापेक्षा, पाळता येईल अशी लहान मर्यादा बरी.

अपराधीपणाही येतो. त्यावर मराठी वाचकाला जवळचा उपाय विवेकनिष्ठ विचारपद्धतीत सापडेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. ‘घरातले सगळे सुखी राहावेत’ ही इच्छा योग्य आहे. ‘सगळे सुखी राहिलेच पाहिजेत आणि ते माझ्यामुळेच’ हा हट्ट झाला. इच्छा ठेवायची आणि हट्ट सोडायचा, एवढा हा फरक.

कुठे थांबू नये?

काही प्रसंगी ‘त्याचा प्रश्न त्याने सोडवावा’ हे म्हणणे चुकीचेच नव्हे, तर धोक्याचेही ठरते.

• आत्महत्येचे बोलणे : कुणी जगण्यात अर्थ नाही असे सुचवत असेल, तर ते नाटक समजू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. जिवाला धोका असेल तर ११२.

• घरातली मारहाण : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा लागू होतो. महिलांसाठी हेल्पलाइन १८१. इथे दोन्ही बाजूंची समजूत घालत बसू नये, आधी सुरक्षितता पाहावी.

• लहान मुले : मोठ्यांच्या चुकीची झळ मुलांना बसत असेल तर हस्तक्षेप हवाच. हेल्पलाइन १०९८.

• स्मृतिभ्रंश किंवा गंभीर आजार : ज्यांची शिकण्याची, निर्णय घेण्याची क्षमताच कमी झाली आहे, त्यांना स्वावलंबनाचे धडे देण्यात अर्थ नाही.

वृद्ध आई-वडिलांचा सांभाळ हे तर कायदेशीर कर्तव्य आहे. पण २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते एका ‘समजूतदार’ अपत्यावर टाकलेले नाही. सज्ञान मुलगे आणि मुली, दोघांनाही तो लागू होतो. त्यामुळे इथे काम सोडायचे नाही, वाटायचे आहे. औषधे एकाकडे, बँक दुसऱ्याकडे, दवाखान्याच्या तारखा तिसऱ्याकडे. आणि दुसऱ्याने ते आपल्यापेक्षा उशिरा किंवा वेगळ्या पद्धतीने केले, तर मध्ये पडायचे नाही. वाटून दिलेले काम परत ओढून घेणे ही सोडवणाऱ्यांची सर्वात जुनी खोड आहे.

सुरुवात कुठून करायची?

सगळे एकदम सोडू नये. एक लहान, कमी जोखमीचा प्रश्न निवडावा : मोबाइल रिचार्ज, गॅस नोंदणी, चुलत भावाच्या नोकरीचा अर्ज. तो कसा करायचा हे एकदा दाखवावे आणि पुढच्या वेळी फक्त विचारावे, ‘झालं का?’ झाले नसेल तर नसू द्यावे. गॅस दोन दिवस उशिरा आला तर घर कोसळत नाही, पण पुढची नोंदणी वेळेत होते.

मोकळा झालेला वेळ सुरुवातीला अस्वस्थ करतो. वर्षानुवर्षे घरातली किंमत कामावरून ठरली असेल, तर काम कमी झाल्यावर ‘मग माझी गरज काय?’ हा प्रश्न छळतोच. त्याचे उत्तर हळूहळू मिळते. काही महिन्यांनी भावाचा फोन येतो आणि त्यात हप्त्याचा विषय नसतो. तो सहज विचारतो, ‘ताई, तुझं कसं चाललंय?’ हे तिला अनेक वर्षांत कुणी विचारलेले नसते.